दादाच्या उजव्या हाताची नाडी

ठाणे, ता. ३० जून १८९५

गोदास,

तुला मायना काय लिहावा ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. हे पत्र तुझा भाऊ दौलत तुला वाचून दाखवत असेल. दौलत, एकही शब्द गाळू नकोस आणि आपल्या पदरचा घालू नकोस.

मी तुझी नणंद सगुणा. नाव ऐकून तू कागद चुलीत घालायला उठशील, पण जरा थांब. मला एकच विचारायचं आहे. चैत्रात काळुरामदादा मिठागरात चक्कर येऊन पडला, ओकला, त्या दिवशी सकाळी त्याच्या पेजेत तू काय कालवलंस?

भांडायला विचारत नाही. तुला शहाडला माहेरी धाडून दोन महिने होऊन गेले. कल्याणचे वैद्यबुवा तेव्हा म्हणाले होते, हिच्या हातचं अन्न बंद झालं की नवऱ्याची नाडी आपोआप वर येईल. अजून आलेली नाही. दर सोमवारी बुवा होडीने कोलशेतला येतात, दादाचा उजवा हात धरतात, डोळे मिटतात आणि मान हलवतात. धाग्यासारखी लागते म्हणतात. दादा जेवतो, बोलतो, चार पावलं हिंडतो, पण त्या मान हलवण्याने निम्मा झाला आहे. मिठागराकडे फिरकत नाही. ओसरीवर बसून आपल्या मनगटाकडे बघत राहतो.

मी या महिन्यापासून इथल्या इस्पितळात नर्सचं काम शिकते आहे. आमच्या डॉक्टरांना मी नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, पोटात काय गेलं ते कळलं तर उतारा देता येईल. तेव्हा सांगून टाक. धोतरा होता का? मी कुणाला सांगणार नाही.

तुझी मालन बरी आहे. आजीजवळ निजते. तुझं नाव काढते, पण पूर्वीइतकं नाही.

आणि हेही कानावर घालते, उगाच मागाहून म्हणायला नको. आईने दादासाठी कळव्याची मुलगी बघितली आहे. दसऱ्याला सुपारी फुटेल. एकदा ती फुटली की तुझा या घराशी आणि पोरीशी संबंध संपला. काय बोलायचं ते त्याआधी बोल.

सगुणा

---

ठाणे, ता. २१ जुलै १८९५

गोदास,

दौलतचं उत्तर पोचलं. दोन ओळी. "गोदा म्हणते, विष घातलं नाही. मालनला एकदा भेटवा."

त्या दोन ओळी मी दहादा वाचल्या. विष घातलं नाही, असं तू म्हणतेस. काहीच घातलं नाही, असं मात्र म्हणत नाहीस. मी एवढी खुळी नाही. आई मला म्हणतेच, ही देवाच्या प्रसादातसुद्धा खडा शोधते.

आता दुसरं सांगते. परवा डॉक्टरांनी आम्हा सहा जणींना बकऱ्याचं काळीज आणायला सांगितलं. मी खाटकाकडून काळीज म्हणून आणलं ते निघालं यकृत. डॉक्टर हसले. छातीत धडधडतं ते वेगळं, त्याला खाटीक दिल म्हणतो. पुन्हा गेले. मूठभर तर असतं. आत चार खोल्या, वर दोन, खाली दोन. अंगभर फिरून मळलेलं रक्त उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसात जाऊन साफ होतं, मग डाव्या बाजूला उतरून पुन्हा साऱ्या अंगात सुटतं. मधे झडपा असतात. रक्ताने पुढे जायचं, मागे फिरायचं नाही, एवढंच त्यांचं काम. बाकीच्या पाच जणींना हे उमजेना. मला चटकन उमजलं. आपल्या खाजणाच्या बांधाला उघाडी असते ना, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने फळी उघडते आणि भरतीला बाहेरच्या रेट्याने आपसूक मिटते, तशीच. मी असं म्हणाल्यावर डॉक्टरांनी तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. छातीला लाकडी नळी लावून ऐकलं की येतो तो त्या फळ्या मिटण्याचा आवाज. आधी जड, मग हलका, मग जरा विसावा.

प्रत्येक ठोक्याला जी लाट सुटते ती मनगटाशी बोटांना लागते, तीच नाडी. तीन बोटं ठेवायची. अंगठा ठेवायचा नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते आणि माणूस आपलीच मोजून रोग्याची सांगतो. घड्याळ समोर धरून पुरतं एक मिनिट मोजायचं. किती ठोके, सारखे की अडखळत, भरलेले की बारीक. पायावर बोट दाबून खळगा राहतो का बघायचं, नखं निळी आहेत का बघायचं, आडवं पडल्यावर दम लागतो का विचारायचं. आणि दोन्ही मनगटं धरायची.

मी म्हटलं, दोन्ही कशाला? पुरुषाची उजवी बघायची आणि बाईची डावी, हे शेंबडं पोरही सांगेल. डॉक्टर म्हणाले, "काळजाला बाई-पुरुष ठाऊक नसतं. एक हात खोटं बोलला तर दुसरा खरं सांगतो."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक किडा वळवळतो आहे. दादाचा डावा हात आजवर कुणी धरलेलाच नाही.

यावरून तू सुटलीस असं समजू नकोस. नारळी पौर्णिमेला मला दोन दिवस घरी सोडणार आहेत.

सगुणा

---

ठाणे, ता. ७ ऑगस्ट १८९५

गोदास,

घरी जाऊन आले. जे बघितलं ते लिहिते, जास्त नाही, कमी नाही.

खाडीला नारळ वाहून सगळे परतल्यावर दादाला ओसरीवर बसवलं आणि म्हटलं, हात दे. आई कडाडली, "परक्या बाप्यांचे हात धरून आलीस ती आलीस, आता भावाला पन रोगी करतेस काय गो?" दादाने मात्र मुकाट्याने उजवा हात पुढे केला. बिचाऱ्याला सवयच लागली आहे. नाडी खरंच बारीक, बोटांखालून निसटते. बुवा खोटं बोलत नव्हते. मग मी म्हटलं, डावा दे.

डावा हात धरला. नाडी अशी भरलेली की बोटं उचलली जावीत. मिनिटाला शहात्तर, एकही ठोका चुकला नाही. छातीला नळी लावली. डाव्या स्तनाग्राच्या खाली, बरगड्यांच्या मधे, जिथे लागायला हवा तिथेच ठोका, तोही शहात्तर. पाय सुजलेले नाहीत, नखं चांगली, आडवं केलं तरी दम नाही. गोदा, तुझ्या नवऱ्याच्या काळजाला काहीही झालेलं नाही.

मग उजव्या हाताची बाही वर केली. कोपराच्या आतल्या अंगाला तो व्रण आहे ना, तुझं लग्न व्हायच्या आदल्या सालचा. मिठाच्या होडीचा दोर हाताला वेढा देऊन गेला होता, हाड दिसलं होतं. तो पंजा तेव्हापासून गार असतो. आपण सगळे म्हणायचो, मिठाने गारठला. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तिथली मोठी रक्तवाहिनी कायमची बुजली, रक्त बारीक आडवाटांनी पंजापर्यंत जातं. हात जगतो, पण मनगटाशी नाडी धड लागत नाही. म्हणजे नऊ वर्षं ती अशीच होती. दादा कधी आजारीच पडला नाही, आणि धडधाकट माणसाची नाडी कोण बघतो? त्या दिवशी चैत्राच्या उन्हात दुपारचं न जेवता फावडं मारत राहिला, ऊन लागलं, ओकला, पडला. बुवांनी जन्मात पहिल्यांदा त्याचा हात धरला आणि त्यांना नाडी बुडालेली वाटली.

ती तू बुडवली नव्हतीस, एवढं मला मान्य आहे.

पण पेजेत काहीतरी कालवलं होतंस. ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. ते काय होतं हे कळेपर्यंत मी घरात काही बोलणार नाही. दादालाही सांगितलेलं नाही. का, ते विचारू नकोस.

मालनला तुझा निरोप सांगितला. तिने विचारलं, आईला कोलशेतची वाट माहीत नाही का? मी म्हटलं, आहे.

सगुणा

---

ठाणे, ता. २५ ऑगस्ट १८९५

गोदास,

आलं उत्तर. या वेळी दौलतने पानभर लिहिलं आहे आणि जागोजागी खाडाखोड केली आहे, म्हणजे त्यालाही तू हे आजवर सांगितलं नव्हतंस.

पेजेत गावदेवीचा अंगारा होता म्हणे. हौसाबाई भगतिणीकडून घेतलेला. तीन बुधवार घालायचा होता, कशासाठी, तर दादाचं मन वळावं आणि त्याने मला नर्सचं काम शिकायला ठाण्याला सोडावं म्हणून. माझ्यासाठी!

वा! गोष्ट नामी रचलीस. मीच फिर्यादी आणि माझ्याच गळ्यात उपकाराची माळ. आता मी रडत रडत शहाडला धावत यावं, असंच ना? तू माझं भलं चिंतशील कशाला? तू घरात आलीस त्याच साली मी कपाळ पुसून परत आले. एका चुलीवर दोघी. भाकरी जाड झाली तर तू बोलायचीस, मीठ जास्त झालं तर मी. मला अजून आठवतं, तू दादाला म्हणाली होतीस, "सगुणाला ठाण्याला धाडा, चार बुकं शिकलीय, इथं काय करील?" मी भिंतीपलीकडे होते. तेव्हाच ओळखलं, हिला मी घरात नको आहे. दादाने तुला झिडकारलं आणि मला बरं वाटलं.

पुढे दादाने आपणहून मला परवानगी दिली, त्याचा आणि तुझा काय संबंध?

आणि तसं होतं तर त्याच दिवशी का नाही बोललीस? आईने तुझं बोचकं अंगणात फेकलं, पोर तुझ्या कमरेवरून ओढून घेतली, तरी तू तोंड मिटून उभी. निर्दोष माणूस असा उभा राहतो का?

हौसाबाई अजून जिवंत आहे. मी तिला विचारणार आहे.

सगुणा

---

ठाणे, ता. ८ सप्टेंबर १८९५

वहिनी,

रविवारी सुटी घेऊन कोलशेतला गेले. घरी न जाता आधी हौसाबाईच्या झोपडीत गेले. तुझं नाव काढलंच नाही. नुसतं म्हटलं, मावशी, आमच्या घरात कुणी अंगारा नेला होता का?

म्हातारीने माझ्याकडे रोखून बघितलं. म्हणाली, "तुझ्यासाठीच नेलान ना गो. वैनी तुझी रडत व्हती. बोलली, नणंदेच्या हातात गुण हाय, चुलीपुढे सडतेय. मी बोलली, तीन बुधवार घाल, पन तोंड उघडू नको. अंगाऱ्याची गोष्ट बाप्याच्या कानावर गेली तं गुण उलटतो, ज्याच्यासाठी केला त्याचाच वाटोला होतो." मी विचारलं, "वहिनीला घालवून दिलं तेव्हा तू का बोलली नाहीस?" म्हणाली, "मना काय म्हाईत कशापायी घालवली? तुझी आई बोलली, घरात पटत नाय."

मग मी म्हटलं, अंगारा दाखव. तिने गाडग्यातून चिमूटभर काढून माझ्या तळहातावर ठेवला. पांढरा होता, वहिनी. राखाडीकडे झुकणारा पांढरा.

आता ऐक. दौलत, तूही ऐक. त्या दिवशी वैद्यबुवांनी हात खाली ठेवला, "पोटात काही गेलंय" म्हणाले, आणि आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, काळी पूड होती, मी डोळ्यांनी बघितली. मी पूड बघितली नव्हती. मी अंगणात होते, मला तुझी पाठ दिसली, पदराची गाठ सोडताना दिसली, कोपर हलताना दिसलं. बस्स. काळा रंग मी घातला. बोलताना मला तो दिसतही होता, इतका दिसत होता की पुढे चार महिने मीच त्यावर विश्वास ठेवला.

आणि तू गप्प राहिलीस ती मला ठाण्याला जाता यावं म्हणून. बोललीस तर माझं वाटोळं होईल म्हणून. मी इथे रुळल्याचं माझ्या पत्रांतून कळल्यावरच दौलतपाशी तोंड उघडलंस. मी त्या गप्प बसण्यालाच पुरावा धरलं.

इथे मला रोज शिकवतात की जे बोटाला लागलं, जे कानाला आलं तेवढंच लिहावं, वाटलं ते लिहू नये. माझी वही वर्गात सगळ्यांना दाखवतात. मला तोंड दाखवायची लाज वाटते.

दसऱ्याला वीस दिवस आहेत. मी बोलणार आहे. नुसतं आईपुढे नव्हे. ज्यांच्यापुढे खोटं बोलले त्या सगळ्यांपुढे.

सगुणा

---

ठाणे, ता. ६ ऑक्टोबर १८९५

सौ. गोदावहिनीस सगुणाचा साष्टांग नमस्कार.

आता तू कोलशेतला आहेस, म्हणून हे पत्र दादा अक्षरं लावून तुला वाचून दाखवेल. दादा, गाळू नकोस, तुझ्यावरही माझा फारसा भरवसा नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काय घडलं ते गावात प्रत्येकाने तुला वेगळं सांगितलं असेल. म्हणून माझ्याकडूनही ऐक. ओसरीवर कळव्याची माणसं बसली होती, राघोकाका होते, वैद्यबुवांनाही आईने मानाने बोलावलं होतं. सुपारीचं ताट बाहेर आलं तेव्हा मी मधे जाऊन उभी राहिले. बुवांना म्हटलं, एकदा डावा हात बघा. बुवा म्हणाले, "पुरुषाचा डावा हात मी धरत नाही. शास्त्र आहे." तेव्हा राघोकाका पुढे झाले, दादाच्या उजव्या मनगटावर अंगठा दाबला आणि ओरडले, "लागते की गो! चांगली टणाटण उडते!" सगळे हसले. मी म्हटलं, "काका, तो तुमचा अंगठा उडतोय." त्यांची बोटं धरून नीट ठेवली. जेमतेम धाग्याएवढी लागली. मग डाव्या हातावर ठेवली. काका डाव्यावरून उजव्यावर आणि उजव्यावरून डाव्यावर करत राहिले. मग एकेक जण उठला आणि हात लावून गेला. शेवटी बुवाही उठले. त्यांनी डावा हात धरला, डोळे मिटले, आणि या वेळी मान हलवली नाही.

नळी मी आईच्या कानाला लावली. पोराच्या छातीवर डोकं टेकवून ती ऐकत बसली, उठेचना.

तेवढ्यात कळव्याच्या म्हाताऱ्याने विचारलं, "नाडीचा ऱ्हाऊ द्या, ती काली पूड कसली व्हती?" मग मी सांगितलं. पाठ दिसली, पूड दिसली नाही, काळा रंग माझा. अंगाऱ्याचंही सांगितलं, कशासाठी तेही. कुणी मला मारलं नाही. आई म्हणाली, "माझ्या तोंडानं मी सुनेला विष घालणारी बोलली, तुझ्या एका शब्दावर." आणि आत निघून गेली. कळव्याची माणसं ताट तसंच ठेवून उठली.

दादा सगळ्यात जास्त चिडला तो अंगाऱ्यावर. "म्हणजे तुम्ही दोघींनी मना फसवला," असं म्हणाला. उद्या मी गोदाला आणतो आणि ही आजपासून ठाण्याला जायची नाही, हेही त्याच दमात म्हणाला.  मला ते वाजवीच वाटलं.

पुढचं तुझ्यासमोरच घडलं, पण मला ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. तू दारात आलीस. भाकरतुकडा ओवाळायला आई उभी होती आणि पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. मालन आईच्या मागे लपली, मग एकदम सुटली आणि तुझ्या पायांना मिठी मारून बसली. तू तिला उचललंस. मी तांब्या पुढे केला. तू माझ्याकडे बघितलंस, म्हणालीस, "ऱ्हाऊ दे," आणि पोर कडेवर घेऊन आत गेलीस. हंड्यातून आपल्या हाताने पाणी घेऊन प्यायलीस. सगळ्यांनी बघितलं. मी तांब्या हातात धरून उभी राहिले, किती वेळ ते सांगता येत नाही.

जेवताना दादाने पुन्हा तो विषय काढला, सगुणा आता इथेच राहील. तू वाढत होतीस. वर न बघता म्हणालीस, "तिला शिकू द्या. इथं ठेवू नका." दादाने एकदा तुझ्याकडे बघितलं आणि हो म्हणाला. ना अंगारा, ना काही. म्हणून मी आज इथे बसून हे लिहिते आहे.

वहिनी, तू माझं भलं बघितलंस की माझं तोंड रोज दिसायला नको म्हणून तसं म्हणालीस, याचा मी आठ दिवस विचार करते आहे. इथून तिथून उलटवून बघते. पूर्वीची मी असते तर दौलतला पत्र घातलं असतं, हौसाबाईला जाऊन खोदून विचारलं असतं. आता विचारत नाही. दोन्हींतलं काहीही असलं तरी तुला तेवढा हक्क आहे.

दादाला उजव्या हाताने जड उचलू देऊ नकोस. बुवा पुन्हा सोमवारी आले तर चहा द्यावा, अपमान करू नये, त्यांनी जे बोटाला लागलं तेच सांगितलं होतं.

दिवाळीला मला चार दिवस सुटी आहे. मी येईन. माझ्या हातचं पाणी तुला नको असेल तर घेऊ नकोस, वर्षभर घेऊ नकोस, जन्मभर घेऊ नकोस. पण उन्हातून आले की मी प्यायला मागेन, आणि मागेन ते तुझ्याच हातचं.

तुझी नणंद,
सगुणा